अंडं फुटायचा दिवस: पाळी अनियमित असताना ओव्ह्युलेशनची पट्टी कशी वापरायची

मागच्या पावसाळ्यात खानापूरकडची एक सून काउंटरवर आली. पर्समधून वहीचं फाडलेलं पान काढलं. त्यावर पाच पट्ट्या सेलोटेपनं चिकटवलेल्या, प्रत्येकीखाली बॉलपेननं तारीख. “पाची दिवस दोन-दोन रेघा आल्यात की ओ ताई, मग दिवस का राहीनात?”

पाचांतली एकही पट्टी पॉझिटिव्ह नव्हती. दुसरी रेघ होती, पण फिकट. वर तिची पाळी चाळीस दिवसांनी येणारी, आणि पट्ट्या संपवल्या होत्या बाराव्या ते सोळाव्या दिवसात. अंडं फुटायला अजून दहा दिवस होते.

बेळगावात मेडिकलच्या काउंटरवर मी बरीच वर्षं उभी आहे. पट्ट्या नेणाऱ्या बायकांच्या चुका ठरलेल्या असतात: मोजणी अंघोळीपासून, पट्टी चौदाव्या दिवसाच्या हिशोबानं, आणि फिकट रेघेवर भरवसा. पुडीतली चिठ्ठी इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. ती वाचतो कोण? म्हणून सगळा क्रम इथे लिहून काढते. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. कुठलं औषध सुरू करायचं, कुठलं सोडायचं, हे यात सापडणार नाही.

## पट्टी विकत घेण्याआधी

फॉलिक ॲसिड आजच सुरू करा. रोज ४०० मायक्रोग्रॅम, दिवस राहण्याच्या निदान एक महिना आधीपासून. दुकानात ५ मिलिग्रॅमची गोळी सर्रास मिळते, ती याच्या साडेबारा पट. आधीच्या बाळाच्या मणक्यात किंवा मेंदूत दोष होता, फिटची औषधं चालू आहेत, मधुमेह आहे, अशांना डॉक्टर मोठा डोस देतात. बाकीच्यांनी ‘मोठी गोळी म्हणजे जास्त ताकद’ असं धरून चालू नये.

बीपीच्या, फिटच्या, मुरमांच्या गोळ्या चालू असतील तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना दाखवा. यातल्या काही बाळाला चालत नाहीत. पण स्वतःहून बंदही करू नका.

आधी पाळणा लांबवण्यासाठी काय घेत होता तेही आठवा. सरकारी दवाखान्यातलं ‘अंतरा’ इंजेक्शन घेतलं असेल तर शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला साधारण ७ ते १० महिने लागू शकतात. तोवर पाळी येणं, न येणं, नुसते डाग पडणं सगळं चालतं, आणि या काळात पट्टीवर पैसे घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ‘छाया’ गोळीनंही पाळी पुढे सरकते. अंगावर दूध पाजत असाल तरी तीच गत.

## १. पहिला दिवस कोणता ते ठरवा

पॅड किंवा कापड घ्यावंच लागेल असा लाल स्राव सुरू झाला, तो पहिला दिवस. आदल्या दिवशीचा तपकिरी डाग मोजायचा नाही.

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. आपल्याकडे पाचव्या दिवशी डोक्यावरून अंघोळ झाली की बाई ‘मोकळी’ झाली, आणि पुष्कळजणी तिथून दिवस मोजतात. म्हणजे चार दिवसांची चूक झालीच. दिवस राहायला योग्य काळच जेमतेम सहा दिवसांचा. त्यातले चार असे हिशोबातच गेले.

दुसरा घोळ तिथीचा. ‘संकष्टीला बसली होती’ हे सासूबाईंना पक्कं आठवत असतं, पण तिथीचा क्षय होतो, वृद्धी होते. कालनिर्णयावर तिथी आणि तारीख शेजारी-शेजारी असतात, तुम्ही तारखेवर खूण करा. कॅलेंडर माजघरात आणि घरात आठ माणसं असतील तर गोल काढून जाहिरात करायची गरज नाही. तारखेच्या कोपऱ्यात पेन्सिलीचा ठिपका पुरतो. किंवा फोनमध्ये लिहून ठेवा.

## २. दोन पाळ्यांमधलं अंतर काढा

या पहिल्या दिवसापासून पुढच्या पहिल्या दिवसाच्या आदल्या दिवसापर्यंत मोजायचं. ३ जूनला पाळी आली, पुढची ४ जुलैला, तर अंतर ३१ दिवस. त्यापुढची ११ ऑगस्टला, तर ३८. रक्तस्राव किती दिवस टिकला याचा या आकड्याशी संबंध नाही.

सहा आकडे जमले तर उत्तम, निदान तीन तरी हवेत. जुन्या तारखा आठवत नसतील तर अंदाजानं भरू नका. दोन-तीन महिने नुसतं लिहा, पट्टी नंतर. ‘आधीच उशीर झालाय, अजून थांबू?’ असं मला विचारतात. लिहिताना संबंध थांबवायचे नसतात, मग उशीर कसला?

तपासा: यादीत गोळीनं पुढे ढकललेली किंवा गोळीनं आणलेली पाळी आहे का? सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेला जायचंय, घरात गणपती बसणार, नणंदेचं लग्न आहे, म्हणून पाळी पुढे ढकलायची गोळी घेतलेली असते. तो महिना फुलीचा. त्याचा आकडा सरासरीत धरायचा नाही, त्या महिन्यात पट्टीही लावायची नाही. पाळी येईना म्हणून पाच दिवस गोळ्या खाऊन आणलेल्या रक्तस्रावाचंही असंच. रक्त आलं याचा अर्थ त्या महिन्यात अंडं फुटलं असा होत नाही.

सावध: दिवस राहावेत असं वाटत असताना पाळी पुढे ढकलायची किंवा आणायची गोळी आपल्या मनानं घेऊ नका. पाळी लांबली तर आधी गरोदरपणाची चाचणी.

## ३. पट्टी की आधी डॉक्टर?

२१ ते ३५ दिवसांच्या आत पाळी येत असेल आणि दर वेळी चार-पाच दिवस मागेपुढे होत असेल, तर तिला अनियमित म्हणत नाहीत. २८ दिवसांची घड्याळासारखी पाळी कमीच जणींची असते. अशांनी पुढच्या टप्प्यावर जावं.

खालीलपैकी काही असेल तर पट्टीच्या आधी स्त्रीरोगतज्ज्ञ:

- पाळी नेहमीच ३५ दिवसांच्या पुढे किंवा २१ च्या आत
- सलग तीन महिने पाळी नाही आणि गरोदरपणाची चाचणी निगेटिव्ह
- हनुवटीवर, छातीवर जाड केस, मुरमं, थोड्या काळात वाढलेलं वजन
- पाजत नसताना छातीतून दूध
- आठ दिवसांहून जास्त किंवा गाठी पडत होणारा रक्तस्राव

वयाचाही हिशोब आहे. पाळी नियमित असेल तर पस्तिशीच्या आत एक वर्ष प्रयत्न करून मग तपासणी, पस्तिशीनंतर सहा महिने, चाळिशीला लगेच. पाळी अनियमित असेल तर हे वर्ष थांबणं लागूच होत नाही. ‘लग्नाला वर्ष तरी होऊ दे’ असं घरचे म्हणतात. चाळीस-पन्नास दिवसांनी पाळी येणारीच्या वर्षात तशा संधीच सात ते नऊ.

डॉक्टर बहुधा थायरॉईडची टीएसएच, प्रोलॅक्टिन आणि सोनोग्राफी सांगतील. सोनोग्राफीत ‘गाठी’ निघाल्या म्हणून रडत आलेल्या मुली मी पाहिल्यात. पीसीओएस म्हणजे हार्मोनच्या बिघाडानं अंडं वेळेवर न फुटणं. त्यातल्या त्या ‘गाठी’ म्हणजे पूर्ण न वाढलेल्या अंड्यांच्या बारीक पिशव्या. कापून काढायची ती गाठ वेगळी. नुसत्या सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरतही नाही. अनियमित पाळी, पुरुषी हार्मोन वाढल्याची लक्षणं आणि अंडाशयाचं ते चित्र, या तिनातली दोन तरी लागतात, आणि थायरॉईडसारखी दुसरी कारणं आधी वगळावी लागतात.

## ४. कुठल्या दिवशी सुरुवात करायची

अंडं फुटल्यापासून पाळी येईपर्यंतचा काळ बहुतेकींमध्ये १२ ते १४ दिवसांचा असतो आणि तो फारसा हलत नाही. लांबतो तो आधीचा भाग. म्हणून २८ दिवसांच्या पाळीत अंडं चौदाव्या दिवसाच्या आसपास फुटतं, ३५ दिवसांच्या पाळीत एकविसाव्या, ४० च्या पाळीत सव्विसाव्या.

रीत सोपी आहे. यादीतल्या सगळ्यात छोट्या अंतरातून १७ वजा करा. येईल त्या दिवशी पहिली पट्टी.

समजा आकडे आहेत २९, ३३, ३८, ३१, ४४, ३५. छोटा २९, वजा १७, म्हणजे बारावा दिवस. मोठा ४४, त्यातून १४ गेले की तिसावा दिवस. म्हणजे अंडं साधारण बाराव्या ते तिसाव्या दिवसात कधीही फुटेल. रोज एक धरली तरी १९ पट्ट्या! पाच पट्ट्यांच्या पाकिटात हे बसत नाही, आणि पाकीट संपलं की बायका ‘माझं अंडंच फुटत नाही’ असं ठरवून मोकळ्या होतात.

काटकसर अशी करा. बाराव्या दिवसापासून एक दिवसाआड पट्टी लावा आणि अंगावरून जाणाऱ्या स्रावाकडे लक्ष ठेवा. एरवी चिकट किंवा कोरडं असतं. अंडं फुटायच्या आधी दोन-चार दिवस ते कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं पारदर्शक, बुळबुळीत होतं, दोन बोटांत धरलं तर तार निघते. हे दिसलं, किंवा पट्टीची रेघ कालच्यापेक्षा गडद वाटली, की रोज लावा. जमलं तर सकाळ-संध्याकाळ. अंतरात इतका फरक असेल तर खुल्या पन्नास पट्ट्यांचं पाकीट पाच-पाचच्या डब्यांपेक्षा स्वस्त पडतं. दुकानदार म्हणून हे सांगणं माझ्या फायद्याचं नाही, तरी सांगते.

सावध: तार निघणाऱ्या या स्रावाला ‘पांढरं जातंय’ म्हणून औषध मागायला येतात. ते दुखणं नव्हे. खाज, घाण वास, दह्यासारखे गोळे, हिरवट-पिवळा रंग असेल तर मात्र दवाखाना गाठा.

## ५. पट्टी लावताना

१. पाकिटावरची मुदत बघा आणि ती एलएचची (अंडं फुटायच्या आधी वाढणारं हार्मोन), म्हणजे ओव्ह्युलेशनचीच आहे ना, याची खात्री करा. गरोदरपणाची पट्टी दिसायला अगदी तशीच असते.

२. ठेवायची जागा कोरडी, २ ते ३० अंश तापमानाची. कणकुंबी-खानापूरकडे पावसात भिंतींनाही ओल सुटते, तेव्हा न्हाणीघराच्या कोनाड्यात तर मुळीच नको. फ्रीजही नको. पुडी फोडली की पट्टी लगेच वापरायची.

३. वेळ सकाळी १० ते रात्री ८ मधली, रोज तीच. गरोदरपणाच्या चाचणीची सवय म्हणून पहाटेची पहिली लघवी घेतात; इथे ते उलट पडू शकतं. एलएच बहुतेकदा पहाटे रक्तात वाढतं आणि लघवीत उतरायला काही तास जातात. चिठ्ठीत वेगळी वेळ दिली असेल तर चिठ्ठीचं ऐका.

४. त्याआधी दोन तास पाणी, ताक, चहा बेतानं. लघवी पाण्यासारखी पातळ असेल तर रेघ फिकट येते.

५. कोरड्या, स्वच्छ वाटीत लघवी घ्या. पट्टी बाणाच्या दिशेनं, ‘मॅक्स’च्या रेषेपर्यंतच, चिठ्ठीत लिहिलेले सेकंद बुडवा. मग आडवी ठेवा.

६. बहुतेक पट्ट्या पाच मिनिटांनी वाचायच्या असतात. फोनवर गजर लावा, फोटो काढा. दहा मिनिटांनंतर दिसणाऱ्या रेघेला अर्थ नाही.

## ६. रेघ वाचताना

‘सी’ची रेघ पट्टी चालते एवढंच सांगते. ती उमटलीच नाही तर पट्टी वाया, दुसरी घ्या. निकाल ‘टी’च्या रेघेचा.

‘टी’ची रेघ ‘सी’इतकी किंवा तिच्याहून गडद असेल तरच पॉझिटिव्ह. फिकट असेल तर निगेटिव्ह. गरोदरपणाच्या चाचणीत फिकट दुसरी रेघही होकार असते, इथे नसते, कारण थोडं एलएच अंगात कायमच असतं. खानापूरच्या त्या सुनेच्या पाची पट्ट्या इथेच उलट्या वाचल्या गेल्या होत्या.

काही अवस्थांमध्ये पट्टी फसवते. पीसीओएसमध्ये एलएच मुळातच चढं राहतं, त्यामुळे सलग आठ-आठ दिवस पॉझिटिव्ह दिसू शकतं. किंवा एकदा चढतं, अंडं न फुटताच उतरतं, पुन्हा चढतं. चाळिशीपुढे पाळी जायच्या सुमारासही तसंच. अंडं वाढवायची क्लोमिफेनची गोळी घेतली असेल तर शेवटच्या गोळीनंतर निदान तीन दिवस पट्टी नको. अंडं फुटायचं एचसीजीचं इंजेक्शन घेतलंत तर एलएचची पट्टी खोटी पॉझिटिव्ह येते, आणि गरोदरपणाचीही, साधारण दोन आठवड्यांपर्यंत. नुकताच गर्भपात झाला असेल तेव्हाही हाच धोका.

तपासा: तीन दिवसांहून जास्त सलग पॉझिटिव्ह? पट्टी बाजूला ठेवा. गरोदरपणाची चाचणी करा. ती निगेटिव्ह असेल तर फोटो घेऊन डॉक्टरांकडे.

## ७. पॉझिटिव्ह आल्यावर

पहिल्या पॉझिटिव्हनंतर साधारण २४ ते ३६ तासांत अंडं फुटतं. सुटलेलं अंडं १२ ते २४ तासच टिकतं. शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत तग धरतात. म्हणून पॉझिटिव्हची वाट बघत नवऱ्याला आठवडाभर ‘साठवून’ ठेवणं ही मोठीच चूक. स्राव ओला झाल्यापासून एक दिवसाआड, पॉझिटिव्हच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी संबंध आले, की तुमच्या हातचं झालं. लुब्रिकंट टाळा, बहुतेकांनी शुक्राणूंची हालचाल मंदावते. नंतर तास-तास पाय वर करून पडून राहायची गरज नाही.

आपल्या भागात नवरा सैन्यात, गोव्यात कामाला किंवा पुण्यात कंपनीत असणं नवीन नाही. दहा दिवसांची रजा आणि पंधरा दिवस मागेपुढे होणारी पाळी, यांची गाठ पट्टीनं पडत नाही. त्या दहा दिवसांत पट्टी सोडा, एक दिवसाआड संबंध ठेवा. पट्टीचा उपयोग रजेच्या आधी: दोन-तीन महिने लावून तुमचं अंडं साधारण कितव्या दिवशी फुटतं ते कळलं, तर रजा कधी मागायची ते सांगता येतं.

## ८. अंडं खरंच फुटलं का

पट्टी अंडं फुटायची तयारी दाखवते. फुटलं की नाही हे तिला कळत नाही. खात्रीचे तीन मार्ग.

रक्तातलं प्रोजेस्टेरॉन, म्हणजे अंडं फुटल्यावर वाढणारं हार्मोन. याच्या चाचणीला सगळे ‘एकविसाव्या दिवसाची टेस्ट’ म्हणतात, आणि अनियमित पाळीत त्या नावानंच घात होतो. ही चाचणी अंडं फुटल्यानंतर सातव्या दिवशी करायची, म्हणजे ३५ दिवसांच्या पाळीत अठ्ठाविसाव्या दिवशी. एकविसाव्या दिवशी रक्त दिलंत तर आकडा कमीच येणार, आणि ‘अंडं होत नाही’ असा शिक्का बसणार. ३ नॅनोग्रॅमच्या वर आकडा असेल तर अंडं फुटलं असं धरतात.

फॉलिकल स्टडी. एक-दोन दिवसाआड सोनोग्राफी करून अंड्याची पिशवी किती वाढली ते बघतात. साधारण १८ ते २४ मिलिमीटरला ती फुटते. खेड्यातून बेळगावला किंवा निपाणीला तीन-चार फेऱ्या होतात, तेव्हा पहिली सोनोग्राफी कितव्या दिवशी, हे तुमची वही दाखवून ठरवून घ्या. उगाच नवव्या दिवसापासून एसटीचे हेलपाटे नकोत.

तापमान. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी मोजलेलं तापमान अंडं फुटल्यावर ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअसनं चढतं आणि चढलेलं राहतं. नळाला पाणी आलं म्हणून पहाटे उठून घागरी भरणाऱ्या बाईला हे कितपत जमणार? नाही जमलं तर सोडून द्या.

गरोदरपणाची चाचणी पहिल्या पॉझिटिव्ह पट्टीनंतर १५ दिवसांनी. अनियमित पाळीत ‘तारीख चुकली’ याला अर्थ नसतो, म्हणून मोजणी पट्टीपासून. निगेटिव्ह आली आणि पाळीही आली नाही, तर आठवड्यानं पुन्हा.

सावध: चाचणी पॉझिटिव्ह आणि पोटात एका बाजूला जोरात दुखतंय, रक्त जातंय, चक्कर येतेय, तर गर्भ नळीत असू शकतो. सकाळची वाट न बघता मोठा दवाखाना गाठा.

## ९. डॉक्टरांकडे जाताना

नवऱ्याची वीर्यतपासणी पहिल्याच फेरीत करून घ्या. बायकोच्या वर्षभराच्या तपासण्या संपेपर्यंत त्याची एक साधी चाचणी न झालेली जोडपी मला दर महिन्याला भेटतात. आधी २ ते ७ दिवस संबंध नकोत. घरून नमुना नेत असाल तर तासाभरात लॅबमध्ये पोचला पाहिजे, अंगाच्या उबेत, बर्फात नव्हे. मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाखांहून कमी शुक्राणू असतील तर डॉक्टर आणखी तपासतात.

शेजारणीला लेट्रोझोलनं, म्हणजे अंडं वाढवायच्या गोळीनं, गुण आला म्हणून तिची चिठ्ठी घेऊन येऊ नका. मी देणार नाही, आणि दुसऱ्या कुणी दिली तरी घेऊ नका. कितव्या दिवशी, किती, आणि सोनोग्राफीत काय दिसल्यावर पुढे काय, हे सगळं त्या गोळीला जोडलेलं असतं.

सरकारी दवाखान्यात नर्स बहुधा कन्नडमध्ये विचारते, “कोनेय मुट्टू यावाग आयतु?” मुट्टू म्हणजे पाळी; शेवटची पाळी कधी आली, असा प्रश्न आहे. गडबडून ‘होद तिंगळु’, म्हणजे गेल्या महिन्यात, एवढंच सांगून सुटू नका. एका कागदावर सहा पाळ्यांच्या पहिल्या दिवसांच्या तारखा इंग्रजी आकड्यांत एकाखाली एक लिहा, शेजारी अंतर, शेजारी पट्टी कितव्या दिवशी पॉझिटिव्ह आली ते. खाली चालू औषधं आणि मागचे रिपोर्ट. तो कागद मराठी, कन्नड, इंग्रजी कुणालाही वाचता येतो.

आणि पट्ट्या चिकटवून आणू नका. पाचव्या मिनिटाचा फोटो आणा.